न वापरलेलं

रेकॉर्डिंगच्या यादीत या गाण्याची एकच ओळ उरली होती. विशाखानं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. तरी एकच. ‘घण, टेक दोन’. टेक एक, म्हणजे गाणं पहिल्यांदा भरलं ते, कुठंच नव्हता. तिनं यादी वर सरकवली, खाली सरकवली, नाव देताना काही चूक झाली असेल म्हणून नुसतं ‘घण’ टाकून शोधलं, मग नुसतं ‘आबा’ टाकून शोधलं. पडदा निवांतपणे पुन्हा पुन्हा ‘घण’ची तीच एक ओळ दाखवत राहिला. सकाळचे साडेदहा झाले होते. हडकोतल्या या रो-हाउसच्या मागच्या खोलीला ती आठ वर्षांपासून स्टुडिओ म्हणत आली होती. खोलीत पंखा बंद होता, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते; आणि माइक बंद असतानाही पंखा न लावायची तिला आता सवयच जडली होती. पाठीवरून घामाचा ओघळ खाली उतरला तेव्हा तिला क्षणभर वाटलं, मागून कुणीतरी बोट फिरवलं.

दोन वाजता आबा येणार होते. आबा म्हणजे तिचे वडील, धोंडिबा. देवगाव रंगारीच्या पंचक्रोशीत ‘धोंडिबा जलसेवाले’ म्हणून चाळीस वर्षं ओळखले गेलेले. फेब्रुवारीच्या शेवटी तिनं त्यांना याच खोलीत, समोरच्या लाकडी स्टुलावर बसवून त्यांची अकरा गाणी भरून घेतली होती, कारण गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मार्चात ऑपरेशन झालं. आता आबांच्या गळ्याला रुपयाएवढं भोक होतं, त्यावर ओलं फडकं असायचं आणि हातात शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. ती अकरा गाणी पाच दिवसांनी जयंतीला गावात वाजायची होती. यंदाची जयंती सव्वाशेवी, म्हणून मंडळानं मोठे स्पीकर सांगितले होते. काल संध्याकाळी शेजारच्या कुणाच्या तरी फोनवरून पाटीचा फोटो आला. वेडीवाकडी, पण ठाम अक्षरं: ‘घनाचं गानं पैल्यांदा म्हणलो ते लाव. दुसरं नको. उद्या येतो.’ तिनं भाकरी थापता थापता डाव्या हातानं ‘हो आबा’ असं लिहून टाकलं होतं. बघावं तरी आधी, मग हो म्हणावं; पण नाही. आणि आता ती ‘हो’कडे, त्याच्या शेजारच्या दोन निळ्या खुणांकडे बघत बसली होती. वाचलं होतं त्यांनी.

विशाखा तशी कुलूप तीनदा ओढून बघणारी बाई. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती टीव्ही सेंटरच्या चौकातून परत आलेली आहे, एकदा नाही, चारदा. संघपाल, तिचा नवरा, वाळूजच्या कंपनीत पाळीनं कामाला जायचा, तो हसायचा. “तुला घर सोडून जाता येत नाही, घरच तुझ्या मागं मागं येतं,” म्हणायचा. अशा बाईच्या हातून हे व्हावं, याचं तिला भीतीपेक्षाही नवल जास्त वाटत होतं. तिनं वरच्या पट्टीतून प्रेफरन्सेस उघडलं, त्यातलं पहिलं पान, जनरल. तिथं बारीक अक्षरांच्या ओळी होत्या, प्रत्येक ओळीपुढं एक चौकोन, कुठं बरोबरची खूण, कुठं नाही. भाषा कोणती हवी. किती मिनिटांनी काम आपोआप जतन करायचं. चूक झाली तर किती पावलं मागं जाता यावं. सुरू होताना शेवटचं काम उघडायचं का. आणि सर्वांत खाली, काम बंद करताना न वापरलेल्या रेकॉर्डिंगचं काय करायचं: विचारा, ठेवा, काढून टाका. खूण ‘काढून टाका’पुढं होती. ती तिनंच केली होती. केव्हा केली, हेही तिला आठवलं.

ऑपरेशनच्या दिवशीची सकाळ. आबांना सात वाजता आत घेणार होते, संघपाल बाहेर मोटारसायकल चालू करून उभा होता, आणि ती आदल्या दिवशीची एका लग्नाची गाणी जतन करून मशीन बंद करत होती. मशीन बंद होईना. डिस्क भरत आलीय, इतकी रेकॉर्डिंग कुठं वापरलेली नाहीत, ठेवू की काढू? तिनं रद्द केलं. पुन्हा विचारलं. फेब्रुवारीपासून रोजच विचारत होतं ते, प्रत्येक वेळी, दारात उभं राहून जाऊ न देणाऱ्या पोरासारखं. बाहेरून हॉर्न वाजला. तिकडं दवाखान्यात आबांच्या गळ्याला कुणीतरी स्पिरिट लावत असेल, असं तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं जनरलचं पान उघडलं, ‘काढून टाका’वर खूण केली, ‘पुन्हा विचारू नका’वर खूण केली, आणि पळाली. दवाखान्यात पोचल्यावर तिला वाटलं होतं, आज आपण कुलूपसुद्धा एकदाच ओढून बघितलं. सुधारलो आपण. त्यानंतर जे जे काम ती उघडत गेली आणि बंद करत गेली, त्या त्या कामातलं न वापरलेलं सगळं निमूट पुसलं जात होतं. आबांचं काम तिनं मार्चअखेर ढोलकी भरण्यासाठी उघडलं होतं. बंद करताना कुणी काही विचारलं नाही.

तिनं श्रीरंगला फोन लावला. श्रीरंग गुलमंडीजवळ एका जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तिची सगळी यंत्रं त्याच्याच हाताखालून गेलेली.

“ताई, पुसल्यावर त्या डिस्कवर दुसरं काही भरलं का?” त्यानं विचारलं.

“लग्नाची तीन कामं. आणि रिक्षावरच्या पाणी वाचवाच्या घोषणा.”

“मंग वरून लिहिलं गेलं की. मशीन घेऊन या, बघतो. लेकिन उम्मीद नका धरू.” थोडं थांबून तो म्हणाला, “लई मोलाचं होतं का?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला आपल्या उत्तराची लाज वाटली, आणि मग लक्षात आलं की उत्तर खरं होतं. त्या टेकमध्ये नेमकं काय होतं, हे तिला पक्कं माहीत नव्हतं.

‘घण’ हे आबांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. बहात्तरच्या दुष्काळातलं. तेव्हा विशाखा जन्मलेली नव्हती. आबा आणि आई, गीताबाई, दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला होते, सुकडी खाऊन. ‘घण पुसे दगडाला, तुझ्या पोटी काय हाय, पाझर हाय का पाण्याचा, का नुसती धूळ हाय.’ पुढं जलसे निघाले, आबा गावोगाव गेले, लोक या गाण्यासाठी बसून राहायचे. शेवटच्या ओळीत आबांचं नाव येई, ‘धोंडिबा सांगे बायांनो, पाणी घामात हाय’, आणि तिथं टाळ्या पडत. लहानपणी विशाखा बायकांच्या घोळक्यात आईच्या मांडीवर बसून ते ऐकायची. आई डोक्यावरचा पदर ओढून, मान खाली घालून बसलेली असायची. आबांच्या तोंडून ओळ यायच्या जराशी आधी आईचे ओठ हलायचे. “माय, तुला आबाच्या आधी कसं येतं?” तिनं एकदा विचारलं होतं. “आयकून आयकून पाठ झालं,” आई म्हणाली. घरात भाकरी थापताना ती तेच गुणगुणायची, आणि आबांची सायकल दारात वाजली की थांबायची. थांबायची म्हणजे दचकून नव्हे, चूल फुंकायला थांबावं तशी. आईला लिहिता येत नव्हतं. गाणी आबांच्या वहीत, आबांच्या अक्षरात होती. आई गेली त्याला आता सात वर्षं झाली.

आणि फेब्रुवारीत, इथं, पहिल्या टेकमध्ये, आबा शेवटच्या ओळीवर आले आणि म्हणाले, ‘गीता सांगे बायांनो’. मग थांबले. मग म्हणाले, “थांब बाय. हे तिचंय. तिनं केल्यालं.” हे विशाखाला आठवत होतं. म्हणजे कानात होतं. पण त्याच वेळी बाहेर गल्लीत टँकर आला होता, आणि तिचे डोळे पडद्यावर आवाज मोजणाऱ्या हिरव्या दांड्यांवर होते, टँकरची घरघर आत येतेय का, दांडी लाल होतेय का, एवढंच ती बघत होती. आबा बोलत असताना तिनं हात वर करून त्यांना थांबायची खूण केली होती. टँकर गेल्यावर ती म्हणाली, “हं, आबा. पुन्हा एकदा घेऊ.” आबांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग दुसरा टेक दिला, एकाच दमात, ‘धोंडिबा सांगे’, खणखणीत. तिनं दुसरा घेतला. पहिला कुठं वापरला नाही. नंतर ऐकू, असं मनाशी म्हणाली होती, आणि दवाखाना, रक्ताच्या बाटल्या, शिफ्टा, पाणी, यात नंतर आलंच नाही.

बारा वाजायला आले. गल्लीत आज खरोखरच टँकरचा भोंगा वाजला, बायकांच्या हंड्यांचा खणखणाट झाला, कुणीतरी “अहो विशाखाताई, नंबर लावला का तुमचा?” असं ओरडलं. पाचव्या दिवसाचं पाणी होतं ते. मागच्या मोकळ्या प्लॉटांवर नव्या बिल्डिंगीसाठी बोअर घेत होते, नऊशे फुटांवरही नुसती भुकटी उडत होती, ती पांढरी पूड खिडकीच्या फटीतून येऊन तिच्या कीबोर्डवर बसायची. ती उठली नाही. तिच्या डोक्यात एक कल्पना आली होती आणि ती कल्पना कुणी बघू नये म्हणून जणू तिनं हेडफोन कानावर दाबून बसवला.

आबांचा आवाज तिच्याकडं होता. अकरा गाण्यांचा, सत्तेचाळीस मिनिटांचा. त्यात ‘गी’ असणारच. तिसऱ्या गाण्यात ‘गीत’ सापडलं, पण चढ्या सुरात. ‘ता’ हवा होता तो सातव्यातल्या ‘आता’मधून निघाला, थोडा खरखरीत, दुखऱ्या गळ्याचा. तिनं ‘गी’ खाली उतरवला, ‘ता’ची शेपूट कापली, दोन्हींच्या मधे आबांच्याच श्वासाचा एक कण ठेवला. दुसऱ्या टेकमधून ‘धोंडिबा’ काढून तिथं हे बसवलं. आणि ऐकता ऐकता तिच्या अंगावर काटा आला. शब्द नीट जुळले होते म्हणून नव्हे. ‘धोंडिबा’ या तीन अक्षरांसाठी त्या जागी आबांची जीभ नेहमी जराशी धावायची; इतक्या वर्षांत तिला ती त्यांची लकब वाटत आली होती. ‘गीता’ तिथं पाटावर बसावं तसं बसलं. दोन ठोके, दोन अक्षरं. जागा त्याच नावासाठी केलेली होती. चाळीस वर्षं ओळ अडखळत होती आणि टाळ्या पडत होत्या.

मग तिला वाटलं, हे खरंच आहे. खोटं कुठं आहे यात? आवाज त्यांचा, शब्द त्यांनी म्हटलेला, फक्त तो तुकडा गेला होता तो आपण पुन्हा केला. तिनं फाइलला नाव दिलं: ‘घण, टेक एक’. नाव देताना बोटं गार पडली. पूर्वी कधी तरी शाळेत तिनं प्रगतिपुस्तकावर आबांची सही केली होती, तेव्हा पडली होती तशी.

दोन वाजून दहा मिनिटांनी संघपाल आबांना बसस्टँडवरून घेऊन आला. “तुम्ही बसा आबा, मला दुसऱ्या पाळीला जायचंय,” म्हणून तो चहा न घेताच निघाला, जाता जाता दारात तिला हळूच म्हणाला, “काय झालं? तोंड का उतरलंय?” ती म्हणाली, “कुठं काय.” आबा वाळले होते. पांढरा सदरा, गळ्याला मानेमागं बांधलेलं फडकं, ते वाऱ्यानं सुकून कडक झालं होतं, आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या कडेनं बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यांनी फडक्याकडं बोट केलं. ओलं करायचं होतं. विशाखा मोरीत गेली आणि रिकाम्या पिंपाकडं बघत उभी राहिली. टँकर येऊन गेला होता. तिनं माठातल्या तळाच्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं नाही, तसंच त्यांच्या गळ्याला बांधलं. पाण्याचे थेंब सदऱ्यावर उतरले. आबांनी पाटीवर लिहिलं: ‘पानी नाय?’

“आहे. भरायचं राहिलं,” ती म्हणाली. “कामात होते.”

ते मागच्या खोलीत येऊन आपल्या आपण स्टुलावर बसले, माइककडं तोंड करून. तिनं ते बघितलं आणि माइक हळूच बाजूला वळवला. आबांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी स्टूल हातानं ओढून पडद्याकडं वळवलं. ‘लाव’ असं बोटानंच सांगितलं. तिनं लावलं. आबांनी डोळे मिटले. मांडीवर बोटांनी ताल धरला. ‘घण पुसे दगडाला’. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांच्या गळ्याची शीर ताठ होत होती, जणू आतलं काहीतरी अजून जोर लावत होतं. शेवटची ओळ आली. ‘गीता सांगे बायांनो’. आबांची बोटं थांबली. गाणं संपलं. डोळे उघडले नाहीत. त्यांनी एक बोट वर केलं, पुन्हा. तिनं पुन्हा लावलं. त्यांनी तिसऱ्यांदा बोट वर केलं. तिसऱ्यांदा लावताना ‘गी’ आणि ‘ता’ यांच्यातला जोड तिला भिंतीला गेलेल्या तड्यासारखा ठळक वाटला.

आबांनी पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होते. पेन्सिल करकरत होती. मग पाटी तिच्याकडं वळवली. ‘आवाज माजाच हाय. पन हे म्या म्हणलो नाय.’

“तुम्हीच म्हणलात आबा. पहिल्यांदा. आठवत नसेल तुम्हाला, तुम्हाला त्या दिवशी ताप होता.”

आबा तिच्याकडं बघत राहिले. रागानं नाही. लहानपणी ती काही लपवत असली की ते असेच बघायचे, काही न विचारता, आणि मग तिलाच राहवायचं नाही. खिडकीबाहेर बोअरचं यंत्र एकसुरी ठोकत होतं. तिनं पडद्यावरचं पान बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं.

“पुसलं गेलं,” ती म्हणाली. “माझ्याकडून. तुमचं ऑपरेशन होतं त्या दिवशी सेटिंग बदललं मी घाईत. जे वापरलं नाही ते सगळं काढून टाकायचं, असं. पहिला टेक गेला, आबा. परत येत नाही. हे मी जोडलंय. ‘गी’ एका गाण्यातून, ‘ता’ दुसऱ्यातून.” मग ती म्हणाली, “पण तुम्ही म्हणला होतात. मी ऐकलंय. तुम्ही म्हणलात, गीता सांगे बायांनो, आणि थांबलात.”

आबांनी मान हलवली. पाटी फडक्याच्या ओल्या टोकानं पुसली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तिनं तुकड्या तुकड्यानं वाचलं. ‘नाव आलंच नाय. नावावर आलो आन थांबलो. नाव तोंडातून निघंना. मग तुला म्हणलो हे तिचंय. तू हात वर केला.’

ती खाली बसली. फरशी तापलेली होती. तिच्या कानात अजून ते स्पष्ट होतं, आबांच्या आवाजात, ‘गीता’. पण आता तिला कळेना की तो आवाज फेब्रुवारीतला आहे की आज दुपारी तिनं जोडून शंभरदा ऐकलेला. विचारायचं कुणाला? एकच साक्षीदार होता आणि तो तिनं काढून टाकला होता.

“मग पहिलं लाव कशाला म्हणालात?” तिनं विचारलं. “त्यात तर नावच नव्हतं.”

आबांनी पाटी पुन्हा पुसली. मग त्यांनी सावकाश, वळणदार लिहिलं, एकेक अक्षर शाळेत काढावं तसं. ‘थांबलो तेच लोकाला आयकवायचं व्हतं. मानूस थांबला तर लोक इचारतील कामून थांबला.’ पाटी भरली. त्यांनी उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं: ‘ती असताना कदी नाव घेतलं नाय. विशाकाची माय म्हणायचो. गानं बी घेतलं आन नाव बी खाल्लं.’

विशाखाला वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे. नाही आबा, असं नका म्हणू, असं काहीतरी. पण ते खोटं झालं असतं, आणि आज एवढं खोटं पुरे होतं. ती उठली आणि मशीनसमोर बसली. तिनं जोडलेली फाइल आबांना दाखवली. “काढू?” तिनं विचारलं. आबांनी मान डोलावली. ती काढताना तिला एकदम वाटून गेलं की आबांच्या तोंडून आईचं नाव जगात एवढ्याच एका ठिकाणी आहे, आणि तेही खोटं; तिचा हात अडला. आबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. तिनं काढली. मग तिनं दुसरा टेक उघडला, शेवटच्या ओळीपाशी गेली आणि ‘धोंडिबा’ ही तीन अक्षरं कापली. जोड लावला नाही. ढोलकी वेगळी भरलेली होती, ती तिथं तशीच चालू राहिली, दोन ठोके, मोकळे. मग ‘सांगे बायांनो, पाणी घामात हाय.’ आबांनी ऐकलं. पुन्हा बोट वर केलं नाही.

जाण्याआधी ते तिच्या खांद्यामागं उभे राहून पडद्याकडं बघत होते. तिनं जनरलचं पान उघडलं होतं. ते आत्ताच नीट करून ठेवल्याशिवाय तिला या खोलीत पुन्हा बसवलं नसतं. आबांनी भुवया उंचावल्या: काय हे? “ही मशीनची पसंती,” ती म्हणाली. “म्हणजे आपली. तुम्हाला काय कसं हवं ते एकदा विचारून घेतं.” आबांना त्याची गंमत वाटली. त्यांनी स्टूल जवळ ओढलं. मग ती एकेक ओळ मराठीत सांगत गेली. “किती मिनिटांनी जपून ठेवायचं?” आबांनी पंजा दाखवला, पाच. “काढून टाकायच्या आधी विचारायचं का?” आबांनी इतकी जोरात मान हलवली की फडकं सरकलं. “दरवेळी विचारेल हं. घाईत असलं तरी, जीव नकोसा होईल.” त्यांनी लिहिलं: ‘इचारू दे.’ “चूक झाली तर किती पावलं मागं जाता यावं?” आबा हसले. हसू तोंडावाटे आलं नाही, फडकं तेवढं फडफडलं. त्यांनी बहात्तरपासून बोटांवर मोजलं, आणि लिहिलं: ‘चव्वेचाळीस वर्स.’ विशाखानं त्या चौकोनात तीस होते ते पुसून चव्वेचाळीस टाकले. मशीननं निमूट घेतले.

जयंतीच्या सकाळी देवगाव रंगारीला विहाराच्या मैदानात मांडव भरला होता. दहा वाजता ऊन भाजत होतं, मंडळानं दोन टँकर आणून पाण्याची सोय केली होती, तरी पोरं पुन्हा पुन्हा ग्लास भरून घेत होती, पिण्यासाठी कमी आणि बघण्यासाठी जास्त. वंदना झाली, भाषणं झाली. आबा पुढच्या रांगेत खुर्चीवर ताठ बसले होते, नवं पांढरं फडकं गळ्याला. विशाखा कारभारी नावाच्या स्पीकरवाल्याशेजारी उभी होती. पेनड्राइव्ह तिनंच लावला आणि लागला की नाही हे दोनदा बघितलं. दहा गाणी वाजली. लोक ओठ हलवत होते, काही जण आबांकडं बघत होते आणि लगेच नजर वळवत होते. मग ‘घण’ सुरू झालं आणि मांडवात कुजबूज थांबली. शेवटची ओळ सगळ्यांना तोंडपाठ होती; टाळीसाठी हात आधीच उचलले गेले होते.

आवाज थांबला. ढोलकीचे दोन ठोके मोकळे पडले.

उचललेले हात तसेच राहिले. मागं कुणीतरी म्हणालं, “काय झालं?” पुढच्याच क्षणाला आबांचा आवाज परत आला, ‘सांगे बायांनो’, पण टाळी चुकली होती, ती इथं तिथं, विस्कळीत पडली, आणि बायकांच्या बाजूला एकमेकींकडं बघणं सुरू झालं. कारभारी वायरी हलवत होता. “ताई, तुमच्या गान्यात हितं आवाज गेला बघा. तपासून घ्या, माझ्या मशीनचा दोष नाय,” तो म्हणाला.

विशाखा आबांकडं बघत होती. ते दोन ठोके पडले तेव्हा त्यांचे ओठ हलले होते. दोनदा. कसले ते आकार होते, एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं, आणि तिनं ठरवलं की यावेळी आपण कानात काही भरून घ्यायचं नाही. बायकांतून सत्यभामाकाकू उठल्या, आईबरोबर बहात्तरला खडी फोडायला होत्या त्या, आणि काठी टेकत आबांच्या खुर्चीपाशी गेल्या. “धोंडिबा,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं, “नाव कामून काढलं रं?”

आबांनी पाटी मांडीवर घेतली.

“आवाज गेला नाही,” विशाखा कारभारीला म्हणाली. “तिथं तसंच आहे ते.”